थेंबांचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषण)

सलाईन लावलेल्या रुग्णाच्या उशाशी रात्र काढण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर केव्हा ना केव्हा आलेला असेल. वॉर्डातले दिवे मंद झालेले असतात, भेटीला आलेली माणसे घरोघर परतलेली असतात, आणि आपण स्टुलावर बसून त्या उलट्या टांगलेल्या बाटलीकडे पाहत असतो. बाटलीखालच्या लहानशा पारदर्शक नळकांड्यात एकेक थेंब पडत असतो. जाताना परिचारिका सांगून गेलेली असते, "थेंब थांबले किंवा बाटली संपत आली, तर मला हाक मारा." झोप तर अनावर झालेली असते, पण डोळा लावण्याचे धाडस होत नाही. मग आपण थेंब मोजू लागतो.

या मोजण्याच्या कामाचाच इतिहास आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. शिरेवाटे द्यावयाचे पाणी किंवा औषध ठरावीक वेगाने आपोआप देणारे, आणि रुग्णाला कमरेला बांधून हिंडता-फिरता येईल असे छोटे पंप आता प्रचारात आहेत. असा पंप ही केवळ एक सोयीची वस्तू आहे असे मानण्याचा मोह होतो. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे निराळेच काही दिसून येते. एकशे नव्वद वर्षांपूर्वी एका वृद्धेच्या खाटेजवळून एक डॉक्टर उठून गेला. त्या रिकाम्या जागी बसविण्यासाठीच जणू माणसाने हे यंत्र घडविले आहे. ती हकीकत प्रथम सांगतो.

बंगालच्या मुलखात घर करून राहिलेली पटकी एकोणिसाव्या शतकात व्यापाराच्या आणि लष्कराच्या वाटांनी जगभर पसरली. १८३१ च्या ऑक्टोबरात ती इंग्लंडमधील संडरलँड या बंदरात जाऊन पोहोचली. त्या वेळी डॉक्टरांजवळ या रोगावर खरा उपाय असा नव्हताच. अंगातले सारे पाणी जुलाब-उलट्यांवाटे गेलेल्या रोग्याची शीर कापून त्याचे उरलेसुरले रक्तही काढून घेण्याची तेव्हा चाल होती! अशा वेळी विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा एक आयरिश डॉक्टर संडरलँडला गेला आणि त्याने पटकीच्या रोग्यांचे रक्त रसायनशास्त्राच्या कसोट्यांवर तपासले. त्या रक्तातले पाणी आणि क्षार पुष्कळच कमी झाले आहेत, आणि तेच क्षार रोग्याच्या जुलाबात उतरले आहेत, असे त्याला आढळले. मग जे शरीरातून गेले, ते शरीराला परत का देऊ नये? शिरेतून क्षारयुक्त पाणी देण्याची ही सूचना त्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकातून मांडली. त्याने स्वतः मात्र हा प्रयोग माणसावर केला नाही.

तो केला स्कॉटलंडमधील लीथ या गावच्या टॉमस लाट्टा याने, १८३२ च्या मे महिन्यात. त्याची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. सर्व उपाय थकले होते, नाडी लागत नव्हती, आणि ती आता जाणार हे उघड दिसत होते. लाट्टाने तिच्या हाताच्या शिरेत चांदीची बारीक नळी बसविली आणि सिरिंजने थोडे थोडे करून मिठाचे कोमट पाणी आत सोडण्यास आरंभ केला. प्रथम काहीच फरक दिसेना. तो तसाच देत राहिला. हळूहळू श्वास मोकळा झाला, खोल गेलेले डोळे वर आले, चेहऱ्यावर तेज आले, नाडी लागू लागली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे तीन लिटर पाणी तिच्या शरीरात गेले, तेव्हा ती बाई स्पष्ट आवाजात बोलू लागली. थट्टाविनोदही करू लागली. आता आपल्याला थोडी झोप मिळाली की झाले, असे तिला वाटत होते.

लाट्टालाही तसेच वाटले. तिला रुग्णालयाच्या शल्यचिकित्सकाच्या हवाली करून तो निघून गेला. थोड्याच वेळात जुलाब आणि उलट्या पुन्हा सुरू झाल्या; जेवढे पाणी आत गेले होते तेवढे बाहेर पडू लागले; आणि तो गेल्यानंतर साडेपाच तासांत ती बाई मरण पावली. पाणी देणे चालू राहिले असते, तर ती वाचली असती, अशी रुखरुख लाट्टाच्या वृत्तान्तात उघड दिसते. औषध सापडले होते. शिरेचा मार्गही सापडला होता. नव्हते ते एवढेच, की तासन् तास तिच्यापाशी बसून मोजक्या प्रमाणात ते देत राहणारा हात. स्वतः लाट्टाही त्यानंतर फार दिवस जगला नाही. १८३३ साली तो वारला.

ओशॉनेसीचे पुढे काय झाले, हे आपल्याकडील श्रोत्यांना ऐकावेसे वाटेल. १८३३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला. तेथल्या मेडिकल कॉलेजात त्याने रसायनशास्त्र शिकविले. आणि पुढे ज्या तारायंत्राने कलकत्ता आग्र्याला, आणि आग्रा ग्वाल्हेर-इंदूरच्या वाटेने मुंबईला जोडले गेले, त्या तारायंत्राचा हिंदुस्थानातील पहिला प्रमुख हाच ओशॉनेसी होय. सलाईनचा मूळ विचार आणि आपल्या गावांत येऊन पोहोचलेली पहिली तार, या दोहोंमागे एकच माणूस होता.

लाट्टाचा उपाय मात्र त्याच्यामागे मागे पडला. रोगजंतूंची कल्पना अद्याप कोणाला नव्हती. पाश्चर आणि लिस्टर यांचे कार्य १८६० नंतरचे आहे. साध्या पाण्यात मीठ विरघळवून शिरेत सोडले म्हणजे रक्तात विष पसरून रोगी दगावत. शिवाय रोग्याजवळ तासन् तास सिरिंज धरून उभे राहणार कोण, हाही प्रश्न होताच. पुढे १९०८ च्या सुमारास कलकत्त्यात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी हा उपाय पटकीच्या रोग्यांवर शास्त्रशुद्ध रीतीने पुन्हा सुरू केला. रोग्याच्या रक्ताचा दाटपणा मोजावयाचा आणि त्यावरून किती पाणी द्यावयाचे ते ठरवावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. तिच्यामुळे शंभरात सुमारे साठ असलेले मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. येथेही यश आले ते मोजमापामुळे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एक अडचण तरीही उरली होती. उकळून निर्जंतुक केलेले पाणी दिले, तरी कित्येक रोग्यांना हुडहुडी भरून ताप येई. १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन विदुषीने याचे कारण शोधून काढले. जंतू मेले तरी त्यांच्यापासून निघालेले द्रव्य पाण्यात राहते आणि तेच ताप आणते, असे तिने दाखविले. आणि असे द्रव्य वाफेबरोबरच्या तुषारांतून येऊ नये, म्हणून ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात सुधारणा सुचविली. त्यानंतर कारखान्यात तयार झालेल्या, तोंड बंद केलेल्या सलाईनच्या बाटल्या मिळू लागल्या. पाणी शुद्ध झाले. आता प्रश्न उरला तो वेगाचा.

हा वेगाचा प्रश्न म्हणजे शाळेतले त्रैराशिकच आहे. समजा, डॉक्टरांनी ५०० मिलिलिटरची बाटली ४ तासांत द्यावयास सांगितली आहे. नेहमीच्या नळीतून २० थेंब पडले म्हणजे १ मिलिलिटर होतो असे धरले, तर एकूण थेंब झाले १०,०००, आणि मिनिटे २४०. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. परिचारिका मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून थेंब मोजते आणि नळीवरचे चाक फिरवून तो वेग साधते. गणित सोपे आहे, पण थेंब ते पाळत नाहीत. रोग्याने हात दुमडला, कूस बदलली, बाटलीतले पाणी खाली उतरले, की वेग बदलतो. रोगी मोरीपर्यंत गेला, तर कोणीतरी बाटली उंच धरून मागोमाग चालावे लागते. ती चुकून खाली आली, तर नळीत उलटे रक्त चढते. हे सारे गुरुत्वाकर्षणावर चालते, आणि गुरुत्वाकर्षणाला उंचीखेरीज दुसरे काही कळत नाही. पाणी भरून काढावयाचे असेल, तेव्हा मिनिटामागे दोन-चार थेंबांचा फरक बहुधा सोसतो. पण हृदयाचा वेग वाढविणारे औषध असेल, किंवा दोन किलो वजनाचे अर्भक असेल, तर तेवढा फरक प्राणावर बेततो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांत विजेवर चालणारे पंप आले. ते अचूक होते, पण जड होते, आणि त्यांच्यामुळे रोगी खाटेला अधिकच जखडला गेला. कित्येक आजार असे आहेत, की त्यांत रोगी चालू-बोलू शकतो, घरी राहू शकतो. मात्र औषध दिवसचे दिवस संथपणे त्याच्या शरीरात जात राहिले पाहिजे. अशांसाठी पंप लहान करणे आवश्यक होते. १९६३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनच्या एल्टन वॉटकिन्स या शल्यचिकित्सकाने कर्करोगाचे औषध रक्तवाहिनीत हळूहळू सोडणारे, रोग्याला अंगावर बाळगता येईल असे एक यंत्र प्रसिद्ध केले. ते चालत असे घड्याळासारख्या किल्लीच्या स्प्रिंगवर! त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये आर्नल्ड कडिश यांनी मधुमेहाच्या रोग्यासाठी इन्शुलिन देणारा पंप तयार केला. पण तो सैनिकाच्या पाठीवरील पिशवीएवढा मोठा होता. तो पाठीवर घेऊन नित्याचे व्यवहार करणे कोणालाही शक्य नव्हते.

पुढील दशकात दोन निरनिराळ्या माणसांनी हा प्रश्न सोडविला. अमेरिकेत डीन केमेन नावाचा एक तरुण होता. त्याचा थोरला भाऊ वैद्यकाचा अभ्यास करीत असे. लहान मुलांना अगदी थोडे औषध एकसारख्या संथ वेगाने देण्याचे भरवशाचे साधन आपल्याजवळ नाही, अशी त्याची तक्रार होती. ती ऐकून केमेनने आई-वडिलांच्या घराच्या तळघरात एक लहानसा सिरिंज-पंप बनविला, आणि १९७६ मध्ये तो तयार करण्यासाठी कंपनी काढली. अंगावर बाळगण्याजोगे इन्शुलिनचे पंप त्यातूनच पुढे निघाले.

इंग्लंडमध्ये हेच काम मार्टिन राइट यांनी केले. दम्याच्या रोग्याच्या फुंकरीचा जोर मोजणारे यंत्र ज्यांनी बनविले, तेच हे राइट. थॅलॅसेमिया झालेल्या मुलांना वरचेवर रक्त द्यावे लागते आणि त्या रक्तातले लोह त्यांच्या शरीरात साचत जाते. ते काढून टाकणारे औषध एकदाच टोचून भागत नाही. ते रात्रभर त्वचेखाली थोडे थोडे जावे लागते. राइट यांनी त्यासाठी हातात मावेल एवढा पंप केला. त्याची रचना साधी होती. भरलेली सिरिंज आडवी बसवावयाची. एक छोटी मोटर आटे पाडलेला दांडा फिरविते, आणि तो दांडा सिरिंजचा दट्ट्या पुढे ढकलतो. मोटर अखंड फिरत नाही. मधूनमधून किंचित फिरून थांबते, त्यामुळे लहानशी बॅटरीही पुष्कळ दिवस पुरते. मूल झोपलेले असते आणि उशाशी पंप आपले काम करीत असतो. १९७९ मध्ये याच पंपाचा दुसरा उपयोग ध्यानात आला. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील ज्या रोग्याला उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नाही, त्याला वेदनाशामक औषध चोवीस तास त्वचेखालून देता येऊ लागले. अशा कितीतरी माणसांना आपले अखेरचे दिवस स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांत घालविता आले.

असा पंप घडविणाऱ्यास किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, याची थोडी कल्पना देतो. सिरिंज पंपात नीट अडकली नसेल आणि पंप रोग्यापेक्षा उंच ठेवला असेल, तर औषध आपल्याच भाराने खाली ओघळून एकदम शरीरात जाते. म्हणून तेथे अटकाव हवा. नळी मुडपली, तर आतला दाब वाढत जातो, आणि मुडप सुटताच तुंबलेले औषध एका झटक्यात आत शिरते. म्हणून दाब ओळखून इशारा देणारी योजना हवी. शिरेत जाणाऱ्या नळीत हवेचा बुडबुडा आला, तर पंप थांबला पाहिजे. बॅटरी संपण्यापूर्वी त्याने सांगितले पाहिजे. बॅटरी मुळीच नको असेल, तर औषधाने भरलेला रबरी फुगा आपल्याच ताणाने आकसत ते ढकलील, अशीही योजना निघाली; परंतु तिचा वेग उष्णतेनुसार थोडाबहुत बदलतो. या सर्व गोष्टींसाठी १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही तयार झाले.

तथापि या इतिहासातला सर्वांत मोठा धडा नळीने किंवा बॅटरीने शिकविला नाही. तो शिकविला एका आकड्याने. राइट यांच्या रचनेवरून निघालेल्या पंपांचे दोन प्रकार इंग्लंडमध्ये अनेक वर्षे वापरात होते. दोघांचा आकार एकच. फक्त एकावर निळा रंग, दुसऱ्यावर हिरवा. निळ्या पंपावर दट्ट्या तासाला किती मिलिमीटर सरकावा, तो आकडा लावावयाचा. हिरव्यावर चोवीस तासांत किती मिलिमीटर सरकावा, तो. आता सिरिंजमध्ये ४८ मिलिमीटर लांबीचे औषध भरले आहे आणि ते एका दिवसात द्यावयाचे आहे, असे समजा. हिरव्या पंपावर ४८ लावले की बरोबर. निळ्यावर २ लावले पाहिजेत. पण थकलेल्या परिचारिकेने निळ्या पंपावर चुकून ४८ लावले, तर? चोवीस तासांचे औषध एका तासात शरीरात जाईल. आणि ते औषध मॉर्फिनसारखे असेल, तर रोग्याचा श्वासच थांबेल. अशा चुका प्रत्यक्षात घडल्या, आणि माणसे दगावली.

मुळात मिलिमीटर का निवडले, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे कारण अगदी प्रामाणिक होते. निरनिराळ्या कारखान्यांच्या सिरिंज कमीअधिक जाडीच्या असतात. त्यामुळे दट्ट्या किती सरकला एवढेच त्या यंत्राला खात्रीने ठाऊक होते, किती मिलिलिटर औषध गेले हे ठाऊक नव्हते. यंत्राला जे कळत होते, ते त्याने सांगितले. पण खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला जे कळावयास हवे होते, ते हे नव्हते. २०१० च्या डिसेंबरात इंग्लंड-वेल्सच्या रुग्णसुरक्षा संस्थेने सूचना काढली, की असे पंप पाच वर्षांत बदलून त्यांच्या जागी तासाला मिलिलिटर या मापाने चालणारे, कुलूप आणि इशारे असलेले पंप आणावेत. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केले, की २००५ ते २००९ या पाच वर्षांत तेथे अशा सर्व प्रकारच्या पंपांसंबंधी सुमारे ५६,००० तक्रारी आल्या होत्या. त्यांतला एक दोष असा, की बटण एकदा दाबले असता यंत्राने ते दोनदा दाबल्याचे धरावे. म्हणजे १० लावावेत आणि यंत्राने १०० समजावेत. मी शाळामास्तर आहे. शून्य एका घराने सरकले, तर मी वहीवर तांबडी रेघ मारतो आणि मुलगा गणित पुन्हा करतो. खाटेवर ते गणित पुन्हा करता येत नाही.

यावरून यंत्रे वाईट आहेत, असा निष्कर्ष मी काढीत नाही. माणसाचा हात थकतो, डोळा लागतो, त्याला दुसऱ्या खाटेवरची हाक येते. पंपाला यांतले काही होत नाही. थॅलॅसेमियाची किती मुले या पंपाच्या साहाय्याने वाढली, शाळेत गेली, मोठी झाली! पण पंप आपल्याला दिलेला आकडा पाळतो; तो आकडा योग्य आहे किंवा नाही, याचा जाब तो स्वतःला विचारीत नाही. ती विचारणा आजही माणसानेच करावयाची असते. म्हणूनच धोक्याचे औषध पंपात भरताना दोन परिचारिकांनी आकडा स्वतंत्रपणे तपासावा, असा शिरस्ता चांगल्या रुग्णालयांत असतो. त्याला वेळ लागतो म्हणून आपण नातेवाइकांनी कुरकुर करू नये. पंप वाजू लागला, तर तो आपल्या हाताने बंद करू नये. नळीवरचे चाक बाटली लवकर संपावी म्हणून फिरवू नये. हाक मारावी, आणि कोणी येईपर्यंत जागचे हलू नये.

लाट्टाची ती पहिली रोगी औषधाविना मेली नाही. औषध मध्येच थांबले म्हणून मेली. आज तिच्या उशाशी पंप ठेवता आला असता, आणि त्याने रात्रभर न चुकता पाणी दिले असते. तरीदेखील दर तासाला कोणीतरी येऊन तिची नाडी पाहावी लागली असती, आणि पंपावरचा आकडा डॉक्टरांच्या कागदाशी ताडून पाहावा लागला असता. पुढच्या वेळी एखाद्या रात्री आपण त्या स्टुलावर बसलेले असाल, आणि परिचारिका पंपावरचा आकडा पुन्हा एकदा वाचताना दिसेल, तेव्हा तिला तेवढी दोन मिनिटे द्या.